नामुं, पुस्तपालन आणि आमची मुले

दहावीचा निकाल लागला की आमच्या डिंडोलीत आठ-पंधरा दिवस एकच प्रश्न गल्लोगल्ली फिरत असतो: आता पुढे काय? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना उत्तर ऐकण्याची सवड असते, कारण उत्तर बहुतेक घरांत अगोदरच ठरलेले असते. मुलगा असेल तर मामाची किंवा एखाद्या गाववाल्याची ओळख काढून त्याला खात्यात लावायचे. मुलगी असेल तर आईबरोबर साड्यांना खडे चिकटवायला बसवायचे आणि हळूहळू स्थळांची चौकशी सुरू करायची. टक्के चांगले पडले असतील तर 'सायन्स घे' असे कोणीतरी सुचवितो, आणि ट्यूशनच्या फीचा आकडा कानी पडताच तो विषय तेथेच थांबतो. उरलेल्या सर्वांसाठी एक शब्द राखून ठेवलेला असतो: कॉमर्स. तो ज्या स्वरात उच्चारला जातो तो ऐकला म्हणजे हे विद्येच्या शाखेचे नाव नसून एखाद्या किरकोळ दुखण्याचे नाव असावे असे वाटते.

या कॉमर्सविषयी आम्हांला थोडे लिहावयाचे आहे. आम्ही १९७९ ते २०१८ अशी एकोणचाळीस वर्षे सुरतेच्या रिंग रोडवरील कापड मार्केटांत मेहताजी म्हणून हिशेब लिहिण्यात घालविली. निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी घराच्या गच्चीवर अकरावी-बारावीच्या मुलांना नामुं शिकवितो. फी घेत नाही, म्हणून कोणी आम्हांला मास्तर म्हणत नाही. 'नाना' म्हणतात, तेवढे पुरे आहे.

इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा जुन्या मराठी वस्तीच्या शहरांतील वाचकांना डिंडोली हे नाव कदाचित अपरिचित असेल. तेथला मराठी माणूस सरदार-शिलेदारांच्या मागून, कारकुनी, वकिली वा मास्तरकी करण्यासाठी गेला. येथला मराठी माणूस रेल्वेने आला. जळगावाहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत येणारी ताप्ती व्हॅलीची गाडी उधना जंक्शनात मुख्य मार्गाला मिळते. १९७२च्या दुष्काळानंतर या गाडीतून खानदेशची कित्येक गावे उधन्याला उतरली आणि लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली या भागांत पसरली. यंत्रमागांना हात हवे होते. खानदेशाकडे हातांखेरीज दुसरे काही शिल्लक राहिले नव्हते. आज श्रावणात येथे कानबाई बसते तेव्हा, आपण गुजरातेत आहो की शिरपुराकडे, याचा नवख्याला संभ्रम पडावा. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि शेठजीसमोर गुजराती, असा चार भाषांचा संसार आमची मुले दहाव्या वर्षीच सांभाळू लागतात. सुरत महानगरपालिकाही गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते. भाषेच्या बाबतीत या शहराने आमच्यावर अन्याय केला असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

अडचण पुढे येते. वरच्या इयत्तांत मराठी माध्यमाचे वर्ग विरळ होत जातात आणि आमच्याकडील बरीच मुले अकरावीला गुजराती माध्यमात जाऊन बसतात. बोलावयास गुजराती अडत नाही. परंतु वाणिज्य शाखेची गुजराती ही बाजारातल्या गुजरातीहून वेगळी आहे. महाराष्ट्रात जो विषय 'पुस्तपालन व लेखाकर्म' म्हणून शिकविला जातो, तो येथे 'नामानां मूळतत्त्वो'. आपली रोजकीर्द ती त्यांची 'आमनोंध'. आपली तेरीज ते 'काचुं सरवैयुं', आणि आपला ताळेबंद 'पाकुं सरवैयुं'. भांडवलाला 'मूडी', बुडीत कर्जाला 'घालखाध'. एक घसारा मात्र दोन्हींकडे घसाराच राहिला आहे. यंत्र झिजावयाचे ते भाषा विचारून झिजत नाही. धंद्याच्या ख्यातीला गुजरातीत 'पाघडी' म्हणतात. हे ऐकून आमच्याकडील एका मुलाने विचारले, "नाना, भाड्याच्या खोलीला देतात तीच का पगडी?" तसे पाहिले तर अगदीच वेडा प्रश्न नव्हता. दुकानाच्या जागेचे नाव झाले म्हणून जी जादा रक्कम मोजावी लागते, तिच्यात आणि ख्यातीत पुस्तकाला वाटते तेवढे अंतर नाही.

सर्वांत मोठा घोटाळा 'उधार' या शब्दाने होतो. आपण खात्याच्या डाव्या बाजूला 'नावे' म्हणतो, उजवीला 'जमा'. गुजरातीत डावी बाजू 'उधार'. मुलाने लहानपणापासून उधारी ऐकलेली असते ती किराणा दुकानाची. मग रोख पैसे देऊन आणलेले यंत्र 'यंत्र खाते उधार' असे लिहिलेले पाहून त्याची बुद्धी चालेनाशी होते: पैसे तर रोख दिले, मग उधार कसले? याचे उत्तर अर्ध्या तासात देता येते, पण ते त्याच्या भाषेत द्यावे लागते. वर्गात साठ-सत्तर मुले असतात आणि शिक्षकांना तो अर्धा तास मिळत नाही. मुलगा नियम पाठ करतो, पहिल्या चाचणीत नापास होतो आणि 'आपल्या डोक्याचे काम नाही' असे म्हणून दिवाळीनंतर दिसेनासा होतो.

'खाते' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. सुरतेत लूमच्या किंवा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याला खाते म्हणतात. पहिल्याच दिवशी आम्ही मुलांना 'खाते म्हणजे काय' असे विचारले, तेव्हा एकाने तत्काळ सांगितले, "पप्पा रात्रपाळीला जातात ते." त्या उत्तरावर फुली मारावी असे आम्हांला वाटले नाही.

परंतु ज्या शब्दापाशी आम्ही वर्षानुवर्षे थांबतो तो शब्द 'उचल' हा होय. मालकाने स्वतःच्या घरखर्चासाठी धंद्यातून काढलेली रक्कम ती उचल; ती भांडवलातून वजा करावयाची. गुजरातीत तिला 'उपाड' म्हणतात. आता खानदेशातून आलेल्या कोणत्याही घरात उचल म्हणजे काय ते विचारून पाहावे. ऊसतोडीला जाण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती उचल. येथल्या खात्यांत कारीगर शेठजीकडून सणासुदीला, आजारपणाला, बहिणीच्या लग्नाला जी आगाऊ रक्कम घेतो तोही उपाडच. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही आणि ती सहसा फिटत नाही. एकच शब्द, मालकाच्या वहीत तो मालकाचा हक्क आहे आणि मजुराच्या आयुष्यात तो त्याच्या गळ्यातला दोर आहे. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, दोन्ही अर्थांना एकच शब्द दिला. आम्ही हा धडा शिकवितो तेव्हा गच्चीवर थोडा वेळ कोणी बोलत नाही. मुलांना धडा कळलेला असतो. त्यांना आतापर्यंत या शब्दाची एकच बाजू ठाऊक होती, एवढेच.

शाळेतून धंद्याचे शिक्षण द्यावे ही कल्पना काही आजची नाही, आणि तिचा या मुलखाशी जुना संबंध आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले, त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेचे. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, ते डाग काढून दाखविणारे रसायनज्ञ ते हेच. रंगकाम, रसायने, यंत्रे यांचे ज्ञान देशी भाषांतून कारागिरांच्या मुलांपर्यंत पोहोचावे असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी मिळून अलेम्बिक कारखाना उभा केला. त्यात एक मराठी नाव आहे याचा उल्लेख आम्ही मुलांपुढे मुद्दाम करतो. डिंडोलीहून फार दूर नसलेल्या हरिपुऱ्याला फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुभाषबाबू अध्यक्ष होते, आणि वर्ध्याच्या परिषदेतून निघालेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेस याच अधिवेशनाने तत्त्वतः मान्यता दिली.

त्यानंतरचा इतिहास टक्केवारीचा आहे. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने म्हटले की, दहावीनंतरच्या निम्म्या मुलांनी व्यवसायशिक्षणाकडे वळावे. १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने ती अपेक्षा खाली आणून १९९० पर्यंत दहा आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के अशी ठेविली. १९८८ पासून केंद्राची त्यासाठी स्वतंत्र योजना आली. २०२०च्या धोरणाने पुन्हा निम्म्यांवर झेप घेतली: २०२५ पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी. आम्ही हिशेबनीस; अंदाजपत्रकातला आकडा आणि वसुलीचा आकडा यांना एका रकान्यात लिहावयाचे नसते, एवढे आम्हांला कळते. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना गावातील सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली पाठवावे असेही त्या धोरणात आहे. योजना चांगली आहे. आमच्या आळीतल्या मुलांना मात्र दप्तराविना काम शिकविण्यासाठी कोणी दहा दिवस राखून ठेवण्याची आवश्यकता नाही. त्यांची उन्हाळ्याची सुट्टी दोरे कापण्यातच जाते. त्यांच्याजवळ काम आहे. कामाचा हिशेब त्यांच्याजवळ नाही.

हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही, प्रत्यक्ष पाहिले म्हणून लिहितो. आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. वडील एम्ब्रॉयडरीच्या खात्यात बारा तासांच्या पाळीवर, आई घरी साड्यांना खडे लावते. मुलगी तीन वर्षांपूर्वी दहावी झाली. वडिलांचे म्हणणे, आता शिकून काय करायचे. आईचे म्हणणे, घरी बसली तर दिवसाला चार साड्या जास्त होतील. दोघांचेही म्हणणे त्यांच्या परीने खोटे नव्हते. चार साड्यांची मजुरी म्हणजे महिन्याचे दूध आणि वीज. आम्ही मध्ये पडलो ते एवढेच सांगण्यासाठी की, सकाळी शाळेत जाऊन दुपारी ती साड्यांना बसेल. मुलगी हट्टी होती, म्हणून जमले.

नोव्हेंबरात, रोजकीर्द शिकून झाल्यावर, आम्ही तिला एक शंभर पानी वही दिली आणि आईच्या कामाचा हिशेब लिहावयास सांगितले. किती नग आले, कोणत्या दराने आले, किती परत गेले, फेव्हिकॉल आणि सुई-दोरा कोणाच्या पैशाने आला. कॉन्ट्रॅक्टरकडेही छोटी वही असे, त्याच वहीवरून महिन्याअखेर पैसे मिळत. डिसेंबरच्या शेवटी दोन वह्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा मुलीच्या वहीत अकरा नग अधिक निघाले. तो भला माणूस रागावला नाही. त्याने तारखा पाहिल्या, दुरुस्ती केली आणि पैसे दिले. पुढच्या महिन्यात मात्र त्याने या घरी काम टाकले नाही.

जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने त्या घराला कठीण गेले. वडील आमच्याशी बोलेनात. जिना चढता-उतरता समोर आले तर नजर खाली. "लिहून काय मिळवलं?" हा त्यांचा प्रश्न आमच्यापर्यंत दुसऱ्यांकडून पोहोचला. आमच्यापाशी उत्तर नव्हते. मार्चमध्ये लग्नसराईची घाई लागली, चांगल्या हाताच्या बायका कमी पडू लागल्या आणि कॉन्ट्रॅक्टर पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी आईने नग मोजून घेतले आणि त्याच्यासमोरच मुलीला लिहावयास लावले. आता गल्लीतील पाच-सहा बायका आपापले नग तिच्याकडून लिहवून घेतात. तिने त्यांची सहा निरनिराळी खाती उघडली आहेत. तेरीज अजून एकदाही पहिल्या फटक्यात जुळत नाही, तो भाग वेगळा.

मध्यंतरी त्या माउलीने आम्हांला एक प्रश्न विचारला. मुलीने खर्चाची बाजू लिहिली होती: दोरा, फेव्हिकॉल, रिक्षाभाडे, वीज. आईने वही पाहिली आणि म्हणाली, "नाना, मनी मजुरी कोठे लिखानी?" आम्ही एकोणचाळीस वर्षे वह्या लिहिल्या, पण हा प्रश्न कोणी शेठजींनी विचारला नव्हता. लेखाकर्माच्या नियमाप्रमाणे एकट्या मालकाच्या स्वतःच्या श्रमांची नोंद होत नाही. जो नफा उरेल तो त्याचा. आणि तिचा नफा म्हणजेच तिची मजुरी. आम्ही तसे समजावून सांगितले. तिला ते पटले नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मुलीने शेवटी वहीच्या मागच्या बाजूला 'आईचे तास' असा एक रकाना काढला. परीक्षेच्या दृष्टीने त्याला काडीची किंमत नाही, आणि तरीही तो रकाना खोडावयास आम्ही तिला सांगितले नाही.

बारावीला वाणिज्य घेऊन सगळ्यांना चार्टर्ड अकाउंटंट होता येईल असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे फार साधे आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्या महिन्यात सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी दीर्घ संप केला; आम्ही तेव्हा नोकरीत होतो आणि कुलूपबंद मार्केटच्या पायऱ्यांवर बसून दिवस मोजीत होतो. संप मिटला, कर राहिला. त्यानंतर चिठ्ठीवर आणि तोंडी विश्वासावर चालणारा पुष्कळसा व्यवहार बिलावर आला. ज्याला बिल, चलन, विवरणपत्र समजते असा माणूस प्रत्येक दुकानाला लागू लागला. टॅलीवर बसणारी मुले गुजराती, राजस्थानी, हिंदी अशी सगळीकडून आली. आमच्या डिंडोलीची फार थोडी आली, जरी मार्केट आम्हांलाही तेवढेच जवळ होते.

आणि आता आमच्यातही धंदा करणारे निघाले आहेत. वीस वर्षे कारीगर म्हणून राबून कोणी दोन जुनी यंत्रे घेतो आणि जॉबवर्क सुरू करतो. माल जातो, पैसे येत नाहीत. मार्केटात 'जी.आर.' म्हणजे परत आलेला माल. तो दाखवून बिलातून किती कापले हे वर्षअखेर समजते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात स्पष्ट आहे की, नोंदणी झालेल्या लहान उद्योजकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे आमच्या किती यंत्रमालकांना ठाऊक आहे? नोंदणी करावयास पैसा लागत नाही. लेखी कागद मात्र लागतो, आणि कागद म्हटला की आमचा माणूस अजून उठून उभा राहतो. त्याच्या घरात बारावी वाणिज्य झालेली एक मुलगी असेल, तर तो बसून कागद वाचून घेईल.

सगळ्यांच्या बाबतीत हे साधत नाही, हेही लिहिले पाहिजे. गेल्या वर्षी आमच्याकडे नऊ मुले येत होती. त्यांतील सर्वांत हुशार मुलगा, ज्याची तेरीज कधी चुकत नसे, तो दिवाळीला खात्यात लागला. वडिलांना कंपवाताचा त्रास सुरू झाला होता आणि शेठजींनी उपाड देण्याची तयारी दाखविली होती. मुलाने येऊन पाया पडून सांगितले. उपाड किती, कोणत्या तारखेला घेतला आणि महिन्याला किती फिटणार, हे लिहून ठेवण्यासाठी त्याने एक वही मात्र मागून नेली. दर महिन्याच्या सात तारखेनंतरच्या रविवारी तो ती वही दाखवावयास येतो. अजून चौदा हप्ते राहिले आहेत.

खालच्या मजल्यावरील मुलगी बारावी झाली. बी.कॉम.ला नाव घातले आहे आणि दुपारी एका कर-सल्लागाराकडे बिले भरावयास जाते. वडील आता आमच्याशी बोलतात. परवा त्यांनी धाकट्या मुलाला घेऊन येऊन विचारले, याला आयटीआयला घालू की कॉमर्सला. मुलाचे हात यंत्रात रमतात, म्हणून आम्ही आयटीआय सांगितले, आणि संध्याकाळी गच्चीवरही पाठवावा म्हणून सांगितले.

या वर्षी चौदा मुले आली आहेत, त्यांत नऊ मुली. गुजराती पुस्तके त्यांच्याजवळ आहेत. त्यांच्या शेजारी ठेवून समजावण्यासाठी आम्हांला अकरावी-बारावीची मराठी पुस्तके हवी आहेत: पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती. जळगावहून आणलेल्या तीन प्रतींची पाने आता सुटी झाली आहेत. महाराष्ट्रात ज्या वाचकांचे भाचे-पुतणे नुकतेच बारावी झाले असतील त्यांनी जुनी पुस्तके रद्दीत न घालता या मासिकाच्या कार्यालयात पोहोचवावीत. तेथून आणण्याची व्यवस्था आम्ही करू. समासात पेन्सिलीने लिहिलेले असले तरी चालेल.